इरम्माचा व्हिडिओ

जळकोटला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावरच्या खोलीत वीरभद्र पोलीस भरतीच्या पोरांची मुलाखतीची तयारी करून घ्यायचा. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडखळत बोलणारी पोरं सहा महिन्यांत समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तरं द्यायची. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण दोन वर्षांपूर्वी त्यानं पुण्यात बारा दिवसांचा संमोहनाचा कोर्स केला आणि परत आल्या आल्या पाटीवर ‘लाइफ कोच’च्या खाली ‘समुपदेशन व संमोहन उपचार’ असं रंगवून घेतलं. तिन्हींत फरक काय, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यानं स्वतःलाही नाही.

इरम्मा आली ती श्रावणात. तिचा नवरा नागप्पा वर्षापूर्वी हायवे ओलांडताना टेम्पोखाली सापडून गेला होता. शेत पलीकडं. इरम्मा रोज कडेपर्यंत जायची आणि तिथंच तिचे पाय लाकडासारखे व्हायचे.

"पाय उचलतच न्हाय बगा सर," ती म्हणाली. "तुमी पोरांची भीती घालवता म्हनं."

"एका बैठकीत जाईल, मावशी."

त्यानं तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि मोबाइल खिडकीत उभा करून रेकॉर्डिंग सुरू केलं. तिला विचारलं नाही. आकडे उलटे मोजत आवाज खाली आणला आणि म्हणाला, "तुम्ही हायवेवर उभ्या आहात. नागप्पा पुढं चाललेत. बघा त्यांच्याकडं."

इरम्मा थरथरायला लागली. "ब्याड, ब्याड," ती ओरडली. नको, नको. वीरभद्राच्या घरी कानडीच बोलत. त्याला ते कळलं. तरी तो थांबला नाही, कारण व्हिडिओ जोरदार होत होता. आठ मिनिटं ती बाई रडली. शेवटी गप्प झाली. तिचा हात धरून त्यानं तिला रस्ता ओलांडून नेलं, दुसऱ्या हातानं तिच्या नकळत त्याचंही शूटिंग केलं. संध्याकाळी ते सगळ्या ग्रुपवर गेलं. खाली लिहिलं होतं, ‘एका वर्षाची भीती एका तासात गायब.’

त्यानंतर इरम्मा घराचा उंबरासुद्धा ओलांडेना. जेवण तुटलं. वीरभद्र मात्र हॉटेलात बसून तिचीच गोष्ट सांगत होता.

पंधरा दिवसांनी तिची लेक शिवांजली उमरग्याहून आली. ती थेट वर खोलीत शिरली आणि मोबाइल त्याच्यापुढं धरला.

"माझ्या सासरच्या ग्रुपवर आलंय हे. सासऱ्यांनी बघितलं, दिरानं बघितलं. सर, सुरू करायच्या आधी तुम्ही आईला काय विचारलंत?"

पोरांना उत्तरं शिकवणाऱ्या वीरभद्रानं तिच्या हातातला व्हिडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी शिवांजलीनं आईला धरून जीपमध्ये बसवलं, वीरभद्रालाही यायला लावलं आणि तिघं धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात गेली. निकिता मॅडम नावाच्या समुपदेशक होत्या. त्यांनी इरम्माला आत घेतलं, दार लावलं. तासाभरानं ती बाहेर आल्यावर वीरभद्राला बोलावलं.

"काय म्हणाल्या मावशी?" त्यानं विचारलं.

"ते तुम्हाला सांगायचं नसतं," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "भरतीचा पोरगा धडधाकट असतो, त्याला पुढं जायचं असतं. त्याला कोचिंग चालतं. ह्या बाईच्या आत जखम आहे. तिनं तिच्या चालीनं बोलायचं, आपण ऐकायचं. महिने लागतात. आणि संमोहन वाईट नाही, पण जखम कुठवर खोल आहे हे ज्याला कळतं, त्यानंच ते हातात घ्यावं. तेही विचारून. तुम्ही तिला जिथं नवरा गेला तिथंच एकटीला नेऊन उभं केलंत."

बाहेर बाकावर इरम्मा बसली होती. व्हिडिओचं तिला अजून माहीत नव्हतं. शिवांजलीला सांगायचं धाडस झालं नव्हतं. वीरभद्र तिच्यासमोर खाली बसला.

"मावशी, त्या दिवशी म्या तुमचं शूटिंग केलं. न विचारता. लई जणांनी बघितलं. चुकलो."

इरम्मानं खांद्यावरचा पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "पदर नीट व्हता का माझा त्यात?"

"व्हय," तो म्हणाला. ते खोटं होतं. पदर खांद्यावरून घसरला होता आणि त्यानं तोही भाग ठेवला होता. तो उठून नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

त्यानं प्रत्येक ग्रुपवर माफी लिहिली. आपल्याकडचा व्हिडिओ पुसला, पण पुढं गेलेला परत येत नव्हता. इरम्मा दर मंगळवारी धाराशिवला जायची. माघात ती लेकीबरोबर शेतात जाऊन आली, असं त्याला दुसऱ्यांकडून कळलं. एकटीला अजून जमत नाही.

वीरभद्र आता फक्त मुलाखतीची तयारी घेतो. इरम्मा रस्त्यात भेटली की थांबते, "बरं हाय का?" असं मायेनं विचारते. ती शिव्या देत नाही, हेच त्याला सोसत नाही.