पंचांपुढे तबलजी

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत परळ नाक्यावर केव्हा काय पेटेल याचा नेम नव्हता. एका शनिवारी संध्याकाळी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये रविवारच्या भजनांची तालीम करत होतो. मी पेटीवर. बाहेर अश्रुधुराची नळकांडी फुटली आणि डोळे चोळत, खोकत एक तरुण आत घुसला. लालबागच्या चाळीतला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, घोषणा देऊन घसा पार बसलेला. पाळकसाहेबांनी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने आमच्या तबल्यावर बोट मारून पाहिलं आणि विचारलं की हा फार उतरलाय, हातोडी आहे का.

मला असा राग आला म्हणता! जीव वाचवायला आलास ना, मग आमच्या तबल्याला नावं कशाला ठेवतोस? पण त्याने तबला सुरात लावला, ठेका धरला, आणि माझी पेटी जन्मात वाजली नव्हती तशी वाजायला लागली. पुढच्या शनिवारी तो परत आला, त्याच्या पुढच्याही.

तालीम संपली तरी तो हलायचा नाही. पाळकसाहेबांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. तुमच्या भजनात देवच माणसाला शोधत येतो, हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही, असं म्हणायचा. मी त्या भजनांवरच वाढले होते आणि मला कधी अस्वस्थ वाटलं नव्हतं. त्याचं ऐकून मात्र मीही तेच शब्द नव्याने गायला लागले.

पुढे आमचं जमलं. त्यात लपवायचं काय! आणि त्याने बाप्तिस्मा मागितला. झालं, सगळ्या बायकांची कुजबुज सुरू. पेटीवालीसाठी येतो हो, देवासाठी कसला! माझे बाबा चर्चच्या पंचांपैकी एक, वर्कशॉपात फिटर, आणि डोकं भट्टीसारखं. माझं डोकं त्यांच्यावरच गेलंय. त्यांनी घरात माझ्याशी बोलणंच टाकलं.

आमच्याकडे रीत अशी की बाप्तिस्मा मागणाऱ्याला उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर पंच प्रश्न विचारतात. मी त्याला दादरच्या चौपाटीवर बसवून सगळी उत्तरं घोकून घेतली होती. आणि ऐन वेळी हा पठ्ठ्या दहा आज्ञा सांगताना मधेच अडकला. मी पेटीआडून ओठ हलवतेय, तर हा माझ्याकडे बघेल तर शपथ. पाळकसाहेबांनी विचारलं की घरी सांगितलंयस का. तो म्हणाला, आईला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, मग पान वाढून म्हणाली की कुठेही जा, पण खोटं वागू नकोस.

तेवढ्यात बाबा उठले.

"एक सांगून ठेवतो. माझी मुलगी मी तुला देणार नाही. आज नाही आणि बाप्तिस्म्यानंतरही नाही. आता बोल, अजून हवाय बाप्तिस्मा?"

माझा हात पेटीवर पडला आणि काहीतरी भलताच सूर निघाला. कोणी हसलं नाही. 'नको' म्हणाला तर सगळ्या कुजबुजणाऱ्या बायका खऱ्या ठरणार होत्या. 'हवा' म्हणाला तर मी त्याला मुकले.

"हवा," तो म्हणाला. "तिच्यासाठी रडेन मी. खूप रडेन. पण रविवारी इथेच येऊन रडेन, दुसरीकडे कुठे जाऊ? देवाने जीव लावलाय मला. आता सुटत नाही."

मला एकाच वेळी नाचावंसं वाटलं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. मेल्या, 'हवा' म्हणताना एकदा तरी अडखळायचंस! पण आनंद इतका झाला होता की छातीत मावत नव्हता. हाच तो माणूस, दुसरा कोणी नकोच मला. पाळकसाहेबांनी डोळे पुसत सांगितलं की ईस्टरला बाप्तिस्मा होईल.

बाबा अजून उभेच होते. आता ते माझ्याकडे वळले. कित्येक आठवड्यांनी माझ्याशी बोलले.

"ऐकलंस? ह्याच्या घरात पहिला देव, तुझा नंबर कायम दुसरा राहील. चालेल तुला?"

"चालेल," मी म्हटलं. "आपल्या घरात आईचा तरी पहिला कुठे आहे?"

बाबांनी बायकांच्या बाकांकडे पाहिलं, आईला शोधलं. आई बसल्या जागेवरून, रोजच्याच आवाजात म्हणाली, "खोटं नाही बोलली पोरगी. आणि माझं काही वाईट झालं नाही."