छापून आलं होतं

माझे यजमान भवानी पेठेतल्या शाळेत मास्तर होते. शाळेत येणारं वर्तमानपत्र ते दुसऱ्या दिवशी घरी आणत. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या गल्लीत वाचता येणारी बाई मी एकटीच. गल्ली सगळी विणकरांची. दुपारी जेवणं झाली की बाया रहाट घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या, मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मी वाचलेलं ऐकायच्या. घरात तेलुगू बोलणाऱ्या त्या बाया माझ्याशी मराठीत बोलत. मला त्या मास्तरीणबाई म्हणत, आणि ते मला फार आवडायचं.

एकतीस-बत्तीस साल असावं. एका दुपारी मी बातमी वाचली: बांगड्या विकायच्या मिषानं हिंडणारी बायकांची टोळी पोरं पळवते, एक मुलगा नाहीसा झालाय. ठळक अक्षरात, पहिल्याच पानावर. मी आवाज बारीक करून, थांबत थांबत वाचली. शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, "आयांनी सावध राहावं." ते वर्तमानपत्रात नव्हतं.

रहाट थांबले. शेजारणीनं आपली तीन वर्षांची पोर मांडीवर ओढून घेतली.

चार-पाच दिवसांनी आमची नेहमीची कासारीण आली. करकंब गावची. लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हा पहिल्या बांगड्या तिनंच भरल्या होत्या. हात दाबून मऊ करायची, बोलण्यात गुंतवायची, बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही. त्या दिवशी कुणी तिला दारात बसू दिलं नाही. ती तशीच पुढं निघाली आणि शेजारणीची पोर सवयीनं तिच्यामागं धावली. कासारणीनं वळून तिचं बोट धरलं.

"पोर चालवली! धरा!" शेजारीण ओरडली.

माग थांबले. माणसं बाहेर आली. मी दारात आले तोवर तिची टोपली उपडी झाली होती आणि बांगड्यांचा चुरा पायाखाली करकरत होता. कुणाच्या तरी हातात लाकूड होतं. दोन्ही हात डोक्यावर धरून ती खाली बसली होती. मी दिसताच ओरडली, "मास्तरीणबाई, तुमी तरी सांगा की! तुमी वळखता न्हाय का मला?"

मी ओळखत होते. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं, हिचं घर मी कुठं पाहिलंय? छापलंय ते उगाच छापतील का? मी दारातच उभी राहिले.

तेवढ्यात लाकूड तिच्या मनगटावर बसलं. मग मी "सोडा तिला, सोडा" म्हणत पुढं धावले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. शिपाई आला, तिला चौकीवर घेऊन गेला. संध्याकाळी तिला सोडून दिल्याचं कळलं.

आठवड्याभरानं शेवटच्या पानावर, तेलाच्या जाहिरातीखाली, चार ओळी आल्या. मुलगा मामाच्या गावी सापडला. टोळीच्या बातमीत तथ्य नाही. त्या ओळी मी दोनदा मोठ्यानं वाचल्या.

"पैलं खोटं कसं असंल?" शेजारीण म्हणाली. "तवा केवढं मोठं छापलं हुतं! हे तर एवढंसंच हाय."

"व्हय की," बाकीच्या म्हणाल्या. "फुडचं वाचा, मास्तरीणबाई."

यजमानांना मी सगळं सांगितलं, पदरच्या वाक्यासकट. ते म्हणाले, "संपादकांना लिही." मी लिहिलं. पत्र काही छापून आलं नाही.

वर्षभरानं मंगळवारच्या बाजारात ती दिसली. पुढ्यात फण्या आणि कुंकवाच्या पुड्या. उजवं मनगट वाकडं जुळलं होतं. मी समोर बसले.

"ह्या हातानं आता बांगडी भरता येत न्हाय," तिनंच सांगितलं. "तुमी काय मारलं न्हाय, बाई. पर लई येळ उभ्या ऱ्हायलात."

माझ्या मागं एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. ती त्याला फण्या दाखवायला लागली. मी उठले आणि घरी आले.