रामजी जेवत असताना हललेला फलक

खडकपांगरीच्या लोकांना रामजीचा राग एसटीपेक्षा नेमाचा वाटे. आखाडा बाळापूरची गाडी एखाद्या दिवशी यायची नाही, रामजीचा राग मात्र सकाळी सातच्या ठोक्याला पांढरीवर हजर. गळ्यात शिट्टी, काखेत काठी आणि अंगात खात्याचा खाकी सदरा. सदऱ्याची वरची गुंडी रागाच्या भरात इतक्यांदा तुटली होती की बायको चांगुणाने तिथे शेवटी गोधडीचा दोरा घातला.

पांढर म्हणजे गावामागचे जुन्या वस्तीचे टेकाड. माती पिठासारखी पांढरी. माळवदावर टाकली की पावसाचा थेंब खाली येऊ देत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गावाने ती पाट्या भरभरून नेली. मग पुरातत्त्वाच्या प्रतीक्षा मॅडम आल्या, तीन आठवडे उन्हात उकिडव्या बसल्या आणि त्यांना एका रांजणाचा कान सापडला. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातून दारू भरून आलेला रांजण. टेकाड संरक्षित झाले, निळा फलक लागला आणि खात्यातला जुना शिपाई रामजी तिथला पहारेकरी झाला.

गावाने त्या कानावरून रामजीचे कान किटवले. "रामजी, ग्रीसचा माल उतरला का रे," असे पारावरून कुणीतरी रोज विचारी. रामजीच्या घरात तीन पिढ्यांत कुणी दारूला शिवले नव्हते. त्याचे डोके फिरे आणि तो मॅडमने सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगे. "तिकडं ग्रीसमधी घराचा पाया खंदायचा म्हनलं तरी आधी त्या भागातल्या खात्याला इचारावं लागतंय. खात्याचा मानूस येऊन खड्ड्यापाशी उभा राहतो. खापर निघालं की काम बंद. मग घरमालक मंत्र्याचा सासरा का असंना. आन्‌ तुमी बुट्टीभर मातीसाठी मला आडवे येऊन राहिलाव."

"मग त्यायनं तिकडं घरं कव्हा बांधायची?" सरपंचीणबाईंचे यजमान उत्तमराव विचारत.

"सावकाश," रामजी म्हणे.

तर अशा या रामजीच्या कानावर कार्तिकातल्या एका सकाळी जेसीबीची घरघर आली. तो हातातला भाकरीचा तुकडा ताटात टाकून पळाला. पांढरीच्या उगवतीच्या अंगाला यंत्राने बैलगाडीभर लांबीचा चर काढला होता. बाजूला पांढऱ्या मातीचा ढीग, आणि ढिगात लाल-काळी खापरे तुटल्या दातांसारखी दिसत होती.

रामजीने शिट्टी फुंकली. यंत्राच्या आवाजात ती त्याची त्यालाच ऐकू आली नाही. तेव्हा त्याने काठी फेकली, धोतर खोचले आणि यंत्राने माती घ्यायला खाली टेकवलेल्या बकेटमध्ये मांडी घालून बसला. चालकाने घाबरून इंजिन बंद केले.

"बाबा, उतरा. लागंल," तो म्हणाला.

"लागू दे. मातीसंगं मलाबी ढिगावर टाक. दोन हजार वर्सांनी कुनीतरी उकरून काढंल आन्‌ म्हनंल, हितं एक शहाना मानूस व्हता."

ठेकेदाराचा माणूस विश्वंभर हिंगोलीचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला. तो कागद नाचवत आला. "काका, गैरसमज होतोय. हे तुमच्याच खात्याचं काम आहे. स्मारकाभोवती संरक्षक चर, म्हणजे ट्रॅक्टर आत यायला नकोत."

"राखायसाठी खंदता? पोराला दिष्ट लागू नये म्हनून त्याचा डोळाच काढता व्हय?"

"नकाशा बघा ना. फलकाच्या बाहेर दहा फुटांवर चर. टेपनं बराबर मोजलंय."

रामजीने नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. खाली मॅडमची सही होती. आता त्याचा राग थेट मॅडमवर गेला. तीन आठवडे चांगुणाच्या हातची भाकरी खाल्ली आणि ही सही केली? त्याने बकेटमध्ये बसूनच फोन लावला आणि सगळ्या जमलेल्या गावाला ऐकू जाईल असा ठेवला.

"मॅडम, तुमी पांढर कापायला लावली."

"रामजीभाऊ, फलक टेकाडाच्या बाहेर आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बाभळीच्या बुंध्याशी मीच उभा केलाय. त्याच्या बाहेर चर काढला तर पांढरीला धक्का कसा लागेल?"

रामजीने मान वळवून बाभळीकडे पाहिले. मग फलकाकडे पाहिले. दोघांच्यामध्ये चांगली पन्नास पावले होती, आणि फलक बाभळीच्या आत, पांढरीच्या उतारावर उभा होता. टेकाड कडेला असे शेतात विरून गेले होते की परक्या माणसाला ते कुठे संपते ते कळू नये. रामजीला कळत होते. तरी गेले सहा महिने तो त्या फलकाला रोज सकाळी सलाम ठोकत होता.

वैशाखात उत्तमरावांच्या लेकीचे लग्न झाले. गाड्या लावायला जागा पुरेना. "दोन दिसासाठी फलक काढतो, रामजी," उत्तमराव म्हणाले होते, "पाव्हण्याची गाडी घासंल." रामजीने नाही म्हणायला तोंड उघडले, पण तोंडात नुक्तीचा गोड घास होता, आणि वाढपी वरून तूप सोडत होता. लग्नानंतर मांडववाल्यांनी फलक पुन्हा रोवला, जिथे माती मऊ लागली तिथे. मऊ माती पांढरीचीच. रामजीने दुरून पाहिले, फलक उभा आहे, झाले.

आता त्याला कुणावर रागवावे ते कळेना. हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच असा प्रसंग.

उत्तमराव बकेटपाशी वाकले. "वाऱ्यानं हालला म्हन," ते पुटपुटले. "आठ म्हयन्यांनी तुझी रिटायरमेंट. काहून नोकरीवर धोंडा पाडून घेतो?"

"कोण बोलतंय?" मॅडमनी विचारले.

"तो फलक रोवताना खाली सिमेंट व्हतं," रामजी उत्तमरावांना म्हणाला. "तुमच्या दारचं पत्र्याचं छप्पर न्हाई उडत, आन्‌ सिमेंटातला लोखंडी खांब पन्नास पावलं चालत गेला? एकटाच? बाकीच्या गावाला वारं लागलं न्हाई?"

विश्वंभर घड्याळ पाहू लागला. "मला कोणी हलवला त्याचं काही नाही. फलक चुकीच्या जागी आहे असं लेखी द्या, मशीन आत्ता बाहेर काढतो. नाहीतर मला नकाशाप्रमाणे पुढं जावं लागेल."

"कागद आन," रामजी म्हणाला. "आन्‌ मी लिहीपर्यंत ह्या बकेटीतून उठनार न्हाई."

नकाशाच्या पाठीमागे, गुडघ्यावर ठेवून, दात-ओठ खात रामजीने लिहिले. पेनने कागदाला दोन ठिकाणी भोके पडली. लिहून झाल्यावर त्याने ते फोनवर मोठ्याने वाचले. "फलक बाभळीपासून पन्नास पावलं आत आला आहे. उत्तमराव यांच्या मुलीच्या लग्नात माझ्या डोळ्यांदेखत उपटला. मी त्या वेळी जेवत होतो. अडवले नाही. नंतर मोजले नाही. चूक माझी. सही, रामजी."

"माझं नाव खोडायलाच पायजे तू," उत्तमराव म्हणाले.

"माझंबी खोडलं न्हाई."

"विश्वंभर, काम थांबवा," मॅडम पलीकडून म्हणाल्या. "उद्या मी येते. तो ढीग कुणी हलवू नका. आणि रामजीभाऊ, तुम्हांला नोटीस काढावी लागेल मला."

"काढा. न्हाई काढली तर मी वरती तक्रार करीन तुमची."

मॅडम आल्या. ढीग चार दिवस चाळला गेला, चर भरला, आणि चाळण धरायला रामजीने उत्तमरावांनाच उन्हात बसवले. फलक बाभळीशी गेला, या वेळी दुप्पट सिमेंटात. रामजीच्या सेवापुस्तकात लाल शाईची एक ओळ पडली. सदतीस वर्षांतली ती एकुलती एक. नोकरी राहिली.

माघात उत्तमरावांच्या पुतण्याचे लग्न निघाले. मांडव तोच, वाढपी तोच. उत्तमराव स्वतः बोलवायला आले, "चल, पंगत बसली." रामजीने ताट मागवून घेतले, बाभळीखाली आला आणि फलकाच्या खांबाला पाठ लावून जेवला. डावा हात मागे, खांबाला धरून. वाढपी तूप घेऊन पन्नास पावले चालत आला, तरी त्याच्याकडे त्याने रागानेच पाहिले.