बैल मोटरसायकलवर बसत नाही

बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करणाऱ्या भरतचा एक तोरा होता. कसलाही मारका बैल त्याचे हात चाटू लागे. जनावराला माणूस कळतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगे आणि ते त्याला स्वतःलाही पटलेलं होतं. पुढे पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी घाम तपासला आणि ती सगळी पुण्याई मिठाची निघाली. लहानपणापासूनचा त्याचा खोकला म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस होता. जन्मजात आजार, घाम खारट आणि छातीत चिकट कफ. औषधं घ्यायचीच, पण रोज धाप लागेस्तोवर पळायचं, म्हणजे कफ सुटेल. साठत गेला तर फुप्फुसं कामातून जातील, असं बाईंनी बजावलं. भरतचा आजवरचा व्यायाम म्हणजे झाडाखाली बसून दुसऱ्याकडून बैल पळवून बघणं.

तो नारायणगावच्या रस्त्यानं पळायला निघाला. पण आपल्याकडे पायी चाललेल्या माणसाला गाडीवर न घेणं उर्मटपणाचं. जरा घाम फुटला की मोटरसायकल शेजारी थांबे, बसा राव म्हणे. नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटेल, अशी स्वतःची समजूत घालत भरत बसे. कफ जिथल्या तिथे राहिला, वाटेवरच्या चहाच्या टपऱ्या तेवढ्या पाठ झाल्या. छातीची घरघर वाढली तशी बायकोनं, मोहिनीनं, भरतनं विकायला म्हणून घेऊन दारात बांधलेल्या बैलाचा कासरा त्याच्या हातात दिला. बैल काही मोटरसायकलवर बसत नाही, एवढंच ती म्हणाली.

मग मात्र जमलं. बैल पुढे, भरत मागे, जिभा दोघांच्याही बाहेर. लोकांना वाटे, शर्यतीची तयारी चाललीय, अर्थात बैलाची. कफ सुटू लागला, चढाला थांबावं लागेना. आणि भरतला त्या जनावराचा लळा लागला. दलालाला बैलाचा लळा म्हणजे हलवायानं आपलेच पेढे खात बसणं.

बाजाराच्या दिवशी तो सवयीनं बैल घेऊन गेला. आंबेगावकडचे चिमाजी म्हणून एक शेतकरी मागाल ते द्यायला तयार झाले. भरतनं कासरा आपल्याकडे ओढून घेतला. जन्मभर बैलांच्या खोडी झाकणारा हा गडी आता नसलेली खोड शोधू लागला.

“ह्याला खोकला हाय,” तो म्हणाला, आणि बोलता बोलता स्वतःच खोकत वाकला.

चिमाजी तो थांबेपर्यंत उभे राहिले. “बैल ठणठणीत हाय, भाऊ. खोकला तुमाला हाय.”

बाजारात खरं बोलायची भरतला सवय नव्हती, त्यामुळे शब्द जरा दमानं आले.

“म्हणून तर इकायचा न्हाई.”