रंगनाथकाकांच्या लॉनमधले करंज

आधीच सांगते, भूत, करणी, नजर... असल्या गोष्टींशी माझं कधी जमलंच नाही. बदनापूरला नर्सरी चालवते, अ‍ॅग्रीची डिग्री आहे. पान गळतं त्याला कारण असतं — पाणी, वाळवी, मुळं, नाहीतर शेजारी! त्यामुळं हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. जाफराबाद रोडला रंगनाथकाकांचं लग्नाचं लॉन आहे. तिथले दोन्ही बाजूंचे करंज मीच लावून दिलेले. करंज चैत्रात पानं टाकतो आणि लगेच पालवतो, ते ठीक. पण इथं वैशाखात ती नवी, हिरवीगार पानंच गळायला लागली. त्यात काकांच्या लेकीचं, शीतलचं लग्न याच लॉनमध्ये, महिन्यावर आलेलं.

"ताई, दत्त्यानं हिंग भरला झाडात!" मी गाडीतून उतरायच्या आत काकांनी सुरू केलं. दत्ताभाऊ म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, शेत लॉनला लागूनच. खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड मरतं, असं आपल्याकडं म्हणतात ना... "तुम्ही फक्त लिहून द्या. पोलिसात देतो. लग्नाला तर बिलकुल बोलवत न्हाई त्याला."

खरं सांगू? मलाही दत्ताभाऊंचाच संशय. सगळी खोडं खरवडून पाहिली — भोक नाही. वाळवी नाही. मुळं पांढरी, ताजी. त्याच बोअरचं पाणी मागच्या आंब्याला, तो मस्त.

दत्ताभाऊ बांधावर आले. "शीतल माझ्या खांद्यावर खेळली ताई. तिच्या मांडवाची सावली मी घालवीन का?"

गोड बोलणाऱ्यांवर माझा जरा कमीच विश्वास. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच, न सांगता गेले. काका पाइपनं पाणी घालत होते. वारं बिलकुल नव्हतं. तरी ते ज्या झाडापाशी उभे, त्याचीच पानं टपाटप गळत होती... ते पुढं सरकले की मागचं थांबायचं, पुढचं सुरू!

आता संशय काकांवर. पाइपला तणनाशक लागलं असेल? गाडीतला नवा कोरा पाइप दिला. तेच. मग काकांना लांब उभं करून पाइप मी धरला — काही नाही. चिडून दत्ताभाऊंना हाक मारली, त्यांच्या हातात दिला. एक पान पडलं नाही.

"काका, तुम्ही झाडाखाली रिकाम्या हातानं नुसते उभे राहा बरं."

ते उभे राहिले. पानं त्यांच्या टोपीवर पडायला लागली.

दोघे भाऊ वर बघत राहिले. "मंग... माझ्यामुळं गळून राह्यली व्हय?" काका हळूच म्हणाले. मी खेकसले, "मला काय विचारता!"

त्या दिवसापासून काकांनी लॉनमध्ये पाऊल टाकलं नाही. पाणी दत्ताभाऊ घालायचे. झाडं पुन्हा पालवली, लग्नापर्यंत चांगली सावली धरली.

लग्नाला मी गेल्ते. कन्यादान दत्ताभाऊंनी केलं. काका फेटा बांधून गेटवर, रणरणत्या उन्हात, पाहुण्यांना हात जोडत उभे. मंगलाष्टकं सुरू झाली तरी तिथंच. मला राहवेना. "काका, चला ना आत! गळाली थोडी पानं तर गळू द्या."

"न्हाई ताई," मुठीत अक्षता धरून ते म्हणाले, "ऊन लई हाय. लेकीच्या डोक्यावर सावली राहू द्या."

माती तपासली, मुळं तपासली, पाणी तपासलं. कारण मला आजही सापडलेलं नाही.