मुक्कामी गाडी प्रोग्रामात नव्हती

अन्याय झाला तो आमच्या बस डेपोतल्या एका कंडक्टरवर, शहाऐंशी साली, दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी सहा वाजता. संगणकानं काढलेल्या पहिल्याच ड्यूटीच्या यादीत तो सहाच्या हुपरी गाडीवर होता आणि गडी होता नेसरीत, आदल्या संध्याकाळी गेलेल्या मुक्कामी गाडीवर. यादी बघून साहेबांनी त्याची गैरहजेरी लावली.

मी संतापून साहेबांविरुद्ध पत्रक लिहिलं आणि आधी त्यालाच वाचून दाखवलं. त्यानं सगळं ऐकून विचारलं, "ह्यो प्रोग्राम कुणी लिवलाय?"

"मी."

"मग सायबाला कशाला शिव्या घालायलाईस? नेसरीची गाडी रातभर तितंच ऱ्हाती आन् सकाळी सहाच्या नंतरच परत येती, हे डेपोतल्या कुत्र्याला बी म्हाईत हाय की. मला इचारायला तोंड दुखत हुतं व्हय?"

पत्रक मी फाडलं. चूक माझी, असं साहेबांना लिहून दिलं आणि त्याच दिवशी गैरहजेरी खोडली गेली. पुढची यादी छापण्याआधी तो माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला आणि एकेका गाडीवर बोट ठेवत गेला. दुपारपर्यंत त्यानं आणखी चार चुका काढल्या. मग म्हणाला, "पावणं, आता चहा सांगा." तसा समाधानाचा चहा मी क्वचितच प्यालो असेन. त्यानंतर त्यानं तपासल्याशिवाय मी एकही यादी बाहेर जाऊ दिली नाही.

तुमच्या कचेरीत संगणक आला असेल तर आजच उठा. ज्याच्या कामाचा प्रोग्राम लिहिताय त्याला शेजारी बसवा आणि तो बरोबर म्हणेपर्यंत चालू करू नका.