आता मले विचार

सौसर ते पांढुर्णा या पट्ट्यात असं एकही शाळकरी पोर नसेल, ज्यानं आमच्या हिच्या मामाजींना लांबून येताना पाहून निदान एकदा तरी गल्ली बदलली नाही. मास्तर दिसले तर पोरं नमस्कार करतात, कुत्रं अंगावर आलं तर दगड उचलतात. पण पांढरा पायजमा, खांद्याला कापडी पिशवी आणि गाडी सुटत असल्यासारखी ती चाल दिसली, की सरळ पळत सुटतात. कारण मामाजी थांबले की प्रश्न विचारतात. एक इतिहासाचा, एक साहित्याचा. उत्तर आलं तर पिशवीतून संत्र्याची गोळी मिळते. नाही आलं तरी गोळी मिळते, पण तिच्यासोबत बरोबर उत्तर ऐकावं लागतं, आणि ते बसस्टँडवर सुरू झालं तर पोराच्या घरी, त्याचं ताट वाढलं जाईपर्यंत चालतं.

कोणाला वाटेल, रिटायर्ड मास्तर असतील. छे! मामाजींनी जन्मात खडू हातात धरला नाही, धरला तो गज. सौसरला त्यांचं कापडाचं दुकान, आणि शाळांच्या गणवेशाचं कापड मिळण्याचं ते हुकमी ठिकाण. जूनमध्ये मोहगावपासूनची पोरं आईबापांचा हात धरून यायची आणि दुकानातच बसलेल्या शिंप्याच्या फितीत अडकायची. छातीभोवती फीत आवळली गेली, की मामाजी गल्ल्यावरून उठून समोर येणार. ‘‘सांग बरं, किल्ले डोंगरावरच कायले बांधत होते?’’ पोर श्वास रोखून उभं. शिंपी बिचारा वाट पाहायचा, कारण रोखलेल्या छातीचं माप घेतलं तर शर्ट दिवाळीपर्यंत ढगळ दिसतो. एका बाईंनी अखेर सांगूनच टाकलं, ‘‘भाऊ, पोराले प्यांट पाहिजे, पदवी नको.’’ त्या हंगामानंतर त्यांच्या मुलानं हात जोडून मामाजींना गल्ल्यावरून उठवलं. घरच्यांना वाटलं, आता हे दुपारी झोपतील. मामाजींनी दुसऱ्याच दिवशी आमच्या पांढुर्ण्याची बस धरली. त्यांच्या दृष्टीनं दुकान मोठं झालं होतं, एवढंच.

मी स्वतः त्यांच्या परीक्षेत नापास झालेला इसम आहे. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी माझ्या हातात येण्याआधी मामाजींचा प्रश्न आला. ‘‘पानिपतात आपण काऊन हरलो?’’ मी इतका गडबडलो की म्हणालो, ‘‘माफ करा, मी तेव्हा बाहेरगावी होतो.’’ आत बायकांमध्ये हसू फुटलं. लग्न जमलं ते त्या हशामुळे, असं आमची ही अजून सांगते. मामाजी मात्र मला ‘ग्रेसमध्ये काढलेला जवाई’ समजतात, आणि घरी आले की पानिपताची कारणं नव्यानं मोजून दाखवतात.

मध्य प्रदेशातल्या आमच्या या पट्ट्यातल्या पोरांची परीक्षा घेणं हे तसं सोपं काम नाही. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि आता फी भरून इंग्रजी. ‘अभंग म्हणजे काय?’ असं विचारल्यावर एका पोट्ट्यानं जरा विचार करून सांगितलं, ‘‘जो टूटा नहीं, वो.’’ मी कपाळावर हात मारला, पण मामाजींनी त्याला दोन गोळ्या दिल्या. ‘‘ज्याले अर्थ समजला, त्याले व्याख्या कायले पाहिजे?’’ त्यांचा सगळ्यांत आवडता प्रश्न राजधानीचा. पोर म्हणणार, भोपाळ. ‘‘अन् त्याच्या आधी?’’ पोर डोकं खाजवणार. मग मामाजी फुलून येतात. ‘‘नागपूर! माहा बाप ओट्यावरून हालला नाही, अन् राजधानी उठून भोपाळले गेली!’’ जणू शेजारीण न सांगता माहेरी गेली, अशा सुरात ते हे सांगतात. पुढे पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा गावात फटाके फुटले आणि मामाजींची झोप उडाली. वर्षानुवर्षं ‘आपला जिल्हा कोणता?’ या प्रश्नाला ‘छिंदवाडा’ म्हणणाऱ्यांना त्यांनी पूर्ण मार्क दिलेले! मग ते दारोदार फिरून दुरुस्ती सांगू लागले. त्यातल्या कित्येक पोरांना तोवर मिशा फुटल्या होत्या. एक तर स्वतःच्या साखरपुड्यात पाटावर बसलेला. मामाजींनी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, ‘‘उत्तर बदललं बरं का, बाप्पा.’’

या सगळ्या परीक्षेला एक शेवट ठरलेला होता, आणि मामाजींचा जीव खरा त्या शेवटात अडकलेला होता. गोळी दिली की ते हात मागे बांधायचे आणि म्हणायचे, ‘‘आता मले विचार.’’ काहीही विचार, कुठलंही विचार. आणि मान जराशी पुढे काढून वाट पाहायचे. पण पोराच्या तोंडात गोळी, पायात वारा. आजवर त्यांना एकच प्रश्न विचारला गेला होता, आणि तो म्हणजे, ‘‘आता जाऊ का?’’ एकदा आमच्याकडे चहा पिता पिता, म्हणजे उभ्यानंच, कारण बसून चहा प्यालेले मामाजी कोणी पाहिलेले नाहीत, ते म्हणाले, ‘‘जवाईबापू, उत्तर देनारे लय भेटले. विचारनारं एक लेकरू नाही भेटलं. तेवढं एक भेटलं की पाय दुखून राहिले असं म्हनायले मोकळा झालो.’’ मी थट्टेनं म्हटलं, ‘‘मी विचारू का?’’ ‘‘तुमी आधी पास व्हा,’’ म्हणाले.

पोळ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि अलीकडून पांढुर्णेकर, पलीकडून सावरगावकर एकमेकांवर दगड फेकतात. मामाजींचा त्या आठवड्यातला प्रश्न साहजिकच तोच. आमची लेक जुई सहावीत आहे. मामाजींना पाहून न पळणारी ही एकच मुलगी, कारण ती पळणार कुठे, घर आमचंच.

‘‘सांग, बाई, नदीत दगडं कायले फेकतेत?’’

जुईनं सगळी गोष्ट धडाधड सांगितली. पांढुर्ण्याचा एक पोरगा होता, सावरगावची एक पोरगी होती. दोघं पळून चालले होते. नदीच्या मधोमध लोकांनी पाहिलं आणि दोन्ही काठांवरून दगड मारले. दोघंही तिथंच गेले.

‘‘शाब्बास! पूर्ण मार्क.’’ मामाजींनी गोळी दिली, चपला घातल्या, हात मागे बांधले आणि सवयीनं म्हणाले, ‘‘आता मले विचार.’’

जुईनं गोळीचा कागद सोडवता सोडवता विचारलं, ‘‘आबाजी, त्या पोरीचं नाव काय होतं?’’

मामाजी हसले. मग हसू तसंच ठेवून थांबले. ‘‘सावरगावची पोरगी म्हनतेत तिले.’’

‘‘ते तर गाव झालं. नाव काय?’’

आणि मामाजी खाली बसले. चपलांसकट, आमच्या दिवाणावर. माझ्या बायकोनं घाबरून पाणी आणलं, मागोमाग चहा आणला. ज्या माणसाला राजांच्या आज्यांची माहेरं पाठ, तो चहा निवेपर्यंत नुसता ओठ हलवत राहिला. मग ताडकन उठला आणि मला म्हणाला, ‘‘जवाईबापू, फटफटी काढा.’’

मी फटफटी काढली. ग्रेसमध्ये निघालेल्या जावयाला नाही म्हणायची सोय नसते. पूल ओलांडून सावरगावात गेलो. एका पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘पोरगी? पोरगी तं पांढुर्ण्याची होती नं! पोरगा आमचा.’’ मामाजी चमकले. परत पूल, परत पांढुर्णा. आमच्या गल्लीतल्या वयस्कर पानवाल्यानं तंबाखू थुंकून सांगितलं, ‘‘छट्! पोरगी तिकडचीच. तिकडंच विचारा.’’ परत पूल. देवळाच्या पायरीवर एक आजीबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘ज्याच्या घरची होती, त्याईनं तिचं नाव घेनंच बंद केलं असंल, बाबू. मंग तुले कोन सांगंल?’’ आणि पुन्हा वाती वळू लागल्या.

माझी फटफटी त्या पुलावरून इतक्यांदा गेली की पुलावरचा भुट्टेवाला आम्हाला पाहून आधी हसायचा, मग भुट्टा पुढे करायचा. शेवटच्या खेपेला मामाजींनी मधोमध गाडी थांबवायला सांगितली. खाली गढूळ पाणी चाललं होतं. काठावर पोरं आतापासूनच दगडांचे ढीग लावत होती. मामाजींनी कठडा धरून खाली पाहिलं.

‘‘जवाईबापू, तवा दोन्हीकडून दगडं फेकले. अन् आता पोरगीच दोन्हीकडून फेकून राहिले.’’

मी फटफटीला किक मारली.

घरी आल्यावर ते जुईसमोर उभे राहिले, हात मागे बांधून, पण या वेळी मान खाली. ‘‘नापास झालो, बाई.’’ जुईनं त्यांच्याच पिशवीत हात घालून एक गोळी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. ‘‘उत्तर नाही आलं तरी गोळी मिळते, आबाजी. तुमचाच नियम आहे.’’ त्यांनी ती गोळी खाल्ली नाही. पायजम्याच्या खिशात ठेवली. ती बहुधा अजून तिथंच असेल, धुण्यात विरघळली नसेल तर.

मला वाटलं होतं, विचारणारं लेकरू भेटलं, आता मामाजी मोकळे होतील, दुपारी झोपतील. झालं उलटंच. पूर्वी आठवड्यातून एकदा यायचे, आता दिवसाआड येतात. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले तर नारळ फोडायचा सोडून रांगेतल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरतात. आणि पोरांची परीक्षाही बदलली आहे. किल्ले गेले, राजधानी गेली. गोटमारची गोष्ट सांगून झाली की ते विचारतात, ‘‘तुले काय वाटते, काय असंल तिचं नाव?’’ पोरं आपल्या बहिणीचं सांगतात, आईचं सांगतात, एकीनं आपलंच सांगितलं. मामाजी प्रत्येक नाव एकदा मोठ्यानं म्हणून पाहतात आणि गोळी देतात. चूक कोणालाच म्हणत नाहीत. पोरं आता गल्ली बदलत नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

परवाच आले. बायकोनं चहा टाकला, तो नेहमीप्रमाणे उभ्यानंच घेतला. जुईनं आतूनच ओरडून विचारलं, ‘‘आबाजी, सापडलं?’’

‘‘पाहून राहिलो, बाई,’’ म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावून निघालेसुद्धा.

त्या पोरीला तिचं नाव मिळावं, असं मलाही फार वाटतं. पण ज्या दिवशी मामाजी ‘सापडलं’ म्हणतील, त्या दिवशी ते खाली बसतील. आणि बसलेले मामाजी मी एकदा पाहिले आहेत. म्हणून पुलावरून जाताना मी नदीला हात जोडतो खरा, पण नेमकं काय मागायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.